ठकूबाईची मोरखी

दहिवलीच्या बुधाजीचा टांगा कर्जत स्टेशनाबाहेर उभा राहायचा. घोडी तांबडी, नाव चंद्री. टांग्याला जुंपताना लगाम. एरवी तिला बांधायचं, पाण्यावर न्यायचं ते मोरखीनं, म्हणजे डोक्यात अडकवायच्या दोरीच्या साजानं. ही मोरखी बुधाजीची बायको ठकूबाई घरी अंबाडीच्या धाग्याची वळायची. तिचा बाप नेरळचा घोडेवाला, त्यामुळे हे काम तिच्या हातात लहानपणापासून होतं. अंबाडी घामानं कुजते, म्हणून नवी मोरखी सतत वळावी लागे.

बहात्तर सालच्या थंडीत बुधाजीनं खोपोलीजवळच्या साजगावच्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून निळी नायलॉनची दोरी आणली.

"ही जन्मात तुटायची नाय," तो म्हणाला.

ठकूबाईनं दोरी बोटांतून फिरवली. "तेच तर वाईट हाय. जनावर कुठं अडकलं तर दोरी तुटाया पायजे."

"तुटकी दोरी बरी, असं म्हणतेस का गं?"

तिनं दोरी त्याच्या हातात परत दिली. बुधाजीनं स्वतःच्या हातानं मोरखी केली, तीही सरकफासाची, म्हणजे ओढली की आवळणारी. नाकावरचा पट्टाही खाली, मऊ मांसावर बसवला.

माघात भात कापलेल्या शेतात चंद्री चरत होती. खाज आली म्हणून तिनं गाल सागाच्या बुंध्याला घासला आणि मोरखी फांदीच्या खुंटाला अडकली. घोडी मागं ओढू लागली, तसा फास आवळत गेला. शेजारच्या शेतात वालाच्या शेंगा तोडणारी ठकूबाई कोयता घेऊन धावली. नाकाशी कोयता घालायला जागाच नव्हती. तिनं खुंटाकडची दोरी तोडली, घोडी मोकळी झाली, मग दातांनी गाठ सैल केली. नाकाची जखम हाडापर्यंत गेली होती.

हळद आणि खोबरेलानं जखम भरली. पण चंद्री डोक्याजवळ हात येऊ देईना. बुधाजीनं दोनदा लगाम घालायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा ती खांद्याला चावली.

"व्यापाऱ्याला देऊन टाकतो," तो म्हणाला.

"शिमग्यापर्यंत थांबा," ठकूबाई म्हणाली. "मी बगते."

तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचा मोठा सैल वेढा केला आणि त्यातून हात घालून घोडीला भिजवलेले हरभरे दिले. आधी घोडी मान लांब करून खायची आणि मागं सरायची. हळूहळू वेढा तिच्या नाकाला लागला तरी चालू लागलं. मग चिंध्यांच्या जागी अंबाडी आली. पट्टा वर, हाडावर. गालाशी दोन बोटं सहज जातील इतका सैल. गाठी न सरकणाऱ्या. होळीच्या आधी चंद्रीनं आपणहून तोंड मोरखीत घातलं. त्यानंतर लगामही घेतला, पण फक्त ठकूबाईकडून.

मग ठकूबाईला रोज टांग्यावर बसून स्टेशनावर जावं लागलं. दुपारी घोडी सोडायची, पुन्हा जुंपायची, सगळं तिनंच. टांगेवाले बुधाजीला विचारत, "घोडी तुजी का वयनींची रं?" तो हसण्यावारी न्यायचा, पण ते त्याला लागत होतं. वर्षभरात त्यानं साजगावच्या कारखान्यात रखवालदारी धरली. टांग्याचं काय, हे त्यानं सांगितलं नाही. चाबूक खुंटीला लावला आणि म्हणाला, "गवत संपलंय. स्टेशनावरनं येताना घेऊन ये."

ठकूबाईनं टांगा आठ-नऊ वर्षं चालवला. पहिले काही दिवस बायका बसायच्या, पुरुष दुसरा टांगा बघायचे. पुढे तेही बसू लागले. बुधाजी खोपोलीच्या गाडीनं कर्जतला उतरे आणि टांग्यात मागं, बाकीच्यांबरोबर बसून घरी येई.

रिक्षा आल्यावर टांगा विकला, चंद्रीला मात्र ठेवलं. दोन पावसाळ्यांनंतर ती म्हातारपणानं गेली. त्या दिवशी बुधाजी कामाला गेला नाही. खड्डा त्यानंच खणला.

पुढच्या थंडीत नेरळचा एक घोडेवाला, कोंडाजी, चंद्रीची गोष्ट ऐकून दारात आला. त्याचं नवं शिंगरू मोरखी घेत नव्हतं. ठकूबाईनं बुधाजीकडं पाहिलं.

"जा की," तो म्हणाला. "भाकरी मी थापीन."

ती चार दिवसांसाठी गेली आणि पंधरवड्यानं आली. त्यानंतर दर थंडीत नेरळहून कुणीतरी तिला बोलवायला येई, आणि ती जाई.