अडतीसवरचा अर्धा

उज्ज्वला अमळनेरहून लग्न होऊन सुरतेतल्या डिंडोलीला आली तेव्हा बारावी सायन्स पास होती. त्या शिक्षणाचा इथं काही उपयोग होईल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. नवरा वाल्मिक कापडाच्या कारखान्यात लूम चालवायचा; ती आणि सासू सरलाबाई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. आठ वर्षं अशीच गेली. मग १९९९ साली उधन्यात एका कम्प्युटर क्लासवर ‘जावा शिका’ अशी पाटी लागली, आणि जावा म्हणजे काय हे धड ठाऊक नसताना तिनं शिकायचं मनावर घेतलं.

घरी तिनं विषय काढला तो भीतभीतच. सरलाबाईंनी हातातली साडीसुद्धा खाली ठेवली नाही.

“तू जाय,” त्या म्हणाल्या. “साड्यास्नं मी दखसू.”

क्लासमध्ये सोळा जण आणि कम्प्युटर चार. बहुतेक कॉलेजची पोरं, घाईची. ती पोरं आधी टाइप करायची आणि मग चुका शोधत बसायची. उज्ज्वलाला अर्ध्या तासाची पाळी मिळायची, म्हणून ती प्रोग्राम घरूनच वहीत लिहून न्यायची. तेवढ्यावर थांबायची नाही. कागदावर रकाने आखून लूपचा, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या सूचनांचा, एकेक फेरा स्वतः फिरवायची: या फेऱ्याला आकडा किती, अट खरी की खोटी, पुढं काय. सम-विषम, तिघांत मोठा कोण, पाढे, सगळं तिनं असंच घोटलं. एकदा तिचा सातचा पाढा त्रेसष्टलाच थांबला. दोन दिवस टिकल्या लावता लावता ती त्याच विचारात होती. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, अटीत ‘दहापेक्षा लहान’ लिहिलंय, ‘दहापर्यंत’ हवं होतं.

तीन महिन्यांनी परीक्षा झाली. चार मुलांचे गुण दिले होते, एक्केचाळीस, छत्तीस, एकोणचाळीस आणि अडतीस. त्यांची सरासरी काढणारा प्रोग्राम लिहायचा होता. क्लास घेणाऱ्या हसमुखसरांनी दुसऱ्या दिवशी वह्या परत दिल्या. उज्ज्वलाच्या उत्तरावर लाल फुली होती.

ती उभी राहिली. “सर, हे कुठं चुकलं?”

“बेन, जवाब अडतीस आहे. तुमचा साडेअडतीस आलाय,” सर म्हणाले. “बघा, सगळ्या बॅचचा अडतीस आहे. माझ्या कागदावर पण अडतीसच.”

मागून कोणीतरी हसलं. उज्ज्वलाचे कान तापले. बसून घ्यावं असं तिला क्षणभर वाटलं. पण बेरीज तिनं हातानं केली होती: एकशे चोपन्न. चारनं भागा, साडेअडतीसच येतात.

“सर, वहीत हातानं भागून बघता का?”

सरांनी भागून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. “पण उत्तर ठेवायला आपण डबल प्रकारची जागा घेतलीय. त्यात अपूर्णांक राहतो.”

“राहतो, सर. पण तिथं पोचला तर,” ती म्हणाली. “बेरीजही पूर्णांक, चारही पूर्णांक. जावा भागाकार आधी करतो, पूर्णांकातच करतो आणि अर्धा तिथंच टाकून देतो. उरलेला अडतीस मग डबलमध्ये जातो. मी चारच्या जागी चार पॉइंट शून्य लिहिलंय, म्हणजे भागाकारच अपूर्णांकात होतो.”

हसमुखसर कम्प्युटरपाशी गेले, तिचा प्रोग्राम त्यांनी स्वतः टाइप केला आणि चालवला. पोरं खुर्च्यांमागं गोळा झाली. पडद्यावर ३८.५ उमटलं.

सरांनी खिशातलं पेन काढून आधी आपल्या कागदावरचं उत्तर खोडलं, मग तिच्या वहीतली फुली. “मीच चुकलो होतो,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. उज्ज्वलाला त्या वाक्याचं जेवढं अप्रूप वाटलं, तेवढं पैकीच्या पैकी गुणांचंही वाटलं नाही.

दिवाळीनंतर नवी बॅच सुरू होणार होती. डिंडोली-गोडादऱ्याची बरीच मराठी मुलं नाव घालून गेली होती, आणि त्यांना शिकवायला सरांनी उज्ज्वलालाच विचारलं. वाल्मिकनं ऐकलं तेव्हा तो जेवत होता. हात तसाच ताटात ठेवून म्हणाला, “तू मास्तरीण?” मग लूमवर जाऊन ज्याला त्याला सांगत सुटला.

पहिल्या दिवशी सरलाबाई स्वतः तिला सोडायला आल्या. चपला दाराशी काढून त्या शेवटच्या खुर्चीवर अवघडून बसल्या. फळ्यावरचं त्यांना काहीच कळत नव्हतं, पण उज्ज्वला मराठीतून, मध्येच गुजरातीतून लूप समजावत होती आणि वीस पोरं माना खाली घालून लिहून घेत होती.

शेजारच्या मुलीनं हळूच विचारलं, “आजी, तुम्हीपण शिकणार का?”

“नही वो,” सरलाबाई पदर सावरत म्हणाल्या. “ती शिकाडस ना, ती मन्ही सून शे.”