थंड चाक

ही हकीकत सांगायचं मी आजवर टाळत आलो. तळहाताला काय झालं असं कोणी विचारलं तर 'सायलेन्सर लागला' म्हणून मोकळा व्हायचो. आता वय पंच्याहत्तर आहे. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून अक्षर वाकडं येतं, म्हणून नातसून टाईप करून देते आहे. तिलाही हे आजच कळतंय. मघाशी मध्येच थांबली होती... म्हटलं, लिही बाई, थांबू नको.

भूतखेत, चकवा, लागीर यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या हायवेवर प्रत्येक ढाब्याची एक गोष्ट असते. पांढऱ्या साडीतली बाई तर धुळ्यापासून शिरपूरपर्यंत प्रत्येक वळणावर उभी असते म्हणे. मी पन्नास वर्षं त्या रोडवर काढली, मला एकदाही भेटली नाही. मी लोखंडातला माणूस. लोखंड तापलं तर त्याला कारण असतं, आणि थंड राहिलं तरी कारण असतं – एवढंच मला ठाऊक होतं.

सोनगीर सोडून नरडाण्याकडे निघालं की डाव्या हाताला माझं गॅरेज. जड गाड्यांचं काम, त्यातही ब्रेकचं. रोडवर मला नाना मिस्तरी म्हणतात.

लोटनभाऊ हा चोपड्याकडचा ड्रायव्हर. माझ्यापेक्षा बराच लहान, पण गाडीवर मुरलेला. त्याची एक सवय होती. गाडी कुठेही थांबली की खाली उतरून चारही चाकांच्या ड्रमला तळहात लावून यायचा, चहा नंतर. जुने ड्रायव्हर सगळेच हे करतात, कारण ज्या चाकाचा ब्रेक चिकटतो त्याचा ड्रम तापतो आणि हाताला लगेच कळतं. पण लोटन हात लावायचा तो गोठ्यात बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. आम्ही चिडवायचो, "लोटनभाऊ, घरी पोरींचा तापही असाच बघतोस का रे?"

तो म्हणायचा, "पोरीसले त्यासनी माय शे नाना. या गाडीले कोन शे?"

आता मूळ गोष्ट. पंचवीस वर्षांपूर्वीची. आखाजी दोन दिवसांवर आली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात तिचा मान दिवाळीपेक्षा मोठा. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात. त्या सकाळी लोटनची गाडी मागच्या डाव्या चाकाला जाम होऊन माझ्याकडे आली. मी ड्रम काढला. ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे शूज फाकवणारा शाफ्ट बुशमध्ये गंजून अडकला होता. ब्रेक मारला की पुढे फिरायचा, पण मागे यायचा नाही. काम सरळ होतं, शाफ्ट काढायचा आणि नवा बुश बसवायचा. पण बुश धुळ्याला लेथवर करून घ्यावा लागायचा, आणि लेथवाले आखाजीसाठी गावी गेलेले. म्हणजे गाडी तीन-चार दिवस उभी. आणि माझी मुलगी लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला घरी आलेली. मला दुपारपर्यंत घर गाठायचं होतं.

मग मी तेच केलं जे रोडवर सर्रास करतात. शाफ्ट हातोडीने मागे ठोकला, शूज ड्रमपासून सुटे केले, आणि त्या चाकाचा ब्रेक चालवणारी हवेची लाईन नटात बेअरिंगचा छर्रा टाकून बंद केली. याला आम्ही 'डमी मारणं' म्हणतो. त्या चाकाचा ब्रेक मेलेला असतो, म्हणून ड्रम थंडच राहतो, आणि गाडी बाकीच्या तीन चाकांवर थांबते. यात पाप नाही. फक्त ड्रायव्हरला सांगायचं असतं. सांगितलं की तो माल कमी भरतो, उताराच्या आधीच खालचा गिअर टाकतो.

मी सांगितलं नाही.

'नानाच्या हातून गाडी अर्धी निघत नाही' असं लोक म्हणायचे, ते मला फार गोड लागायचं. शिवाय गाडी सेंधव्याला रिकामी चालली होती. परत येईल तेव्हा नीट करू, असं मनाशी म्हटलं. परत येताना ती गव्हाने भरलेली असेल, आणि माझं गॅरेज सेंधव्याचा घाट उतरल्यावर येतं, आधी नाही... एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. की आली होती आणि मी बाजूला सारली? आज मला खरंच सांगता येत नाही.

लोटन नरडाण्यापर्यंत चक्कर मारून आला. उतरला, चारही ड्रमना हात लावला, आणि माझ्याकडे आला.

"नाना, डावं मांगलं चाक थंड शे. बाकी बठ्ठा कोमट."

मी हात धूत होतो. मान वर न करता म्हणालो, "लायनर नवे आहेत, बसायला वेळ लागतो. चालव दोनशे किलोमीटर, तापेल आपोआप."

लायनर, म्हणजे शूजवरचं घासणारं अस्तर, जुनंच होतं.

"बरं," तो म्हणाला. "तुम्हीन सांगं म्हन्जे झालं." तरी जाताना त्याने पुन्हा एकदा त्या ड्रमवर हात ठेवला. जरा जास्त वेळ. मग तळहात पँटला पुसला आणि गाडीत चढला.

आखाजीच्या सकाळी घाट उतरताना त्याची गाडी दरीत गेली. लोटन जागेवर गेला. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. पंचनाम्यात लिहिलं – चालकास डुलकी लागली. चौकशीला एक जण गॅरेजवर आला होता. "ब्रेक तुम्हीच केले होते ना?" मी म्हणालो, "चारही चाकं ओके करून दिली होती." तो गेला. मी लोटनच्या दारावर, म्हणजे सांत्वनालासुद्धा, गेलो नाही.

बावीस वर्षं गेली. गॅरेज पुतण्या बघायला लागला – संजय, तोही आता चाळिशी ओलांडलेला. तीन वर्षांपूर्वी, संक्रांतीच्या आसपास, त्याचा फोन आला. "काका, एक जुनी गाडी आलीय. मागचे ड्रम निघत नाहीत. जरा येऊन बघता का?"

गाडी नरडाण्याच्या एका गोडाऊनमागे दोन वर्षं उभी होती. मागचे दोन्ही ब्रेक गंजून बसलेले, चाक हलत नव्हतं. म्हणून क्रेनने मागची बाजू उचलून आणली होती. म्हणजे मागची चाकं रस्त्याला लागलीच नव्हती. वर रात्रभर गॅरेजच्या आवारात थंडीत उभी. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही हेच विचाराल. मीही आधी हेच विचारलं.

सकाळचे दहा वाजले होते. गाडीचे मालक पारसभाऊ खुर्ची टाकून चहा पीत होते. उजवीकडचा ड्रम आधी घेतला. ॲडजस्टर मागे फिरवला, डिझेल सोडलं, हातोडीने गोल ठोकत ठोकत अर्ध्या तासात निघाला. बर्फासारखा गार होता. मग संजय डावीकडे गेला, ड्रमला हात लावला, आणि "आई गं" करून मागे सरला.

"काका, हा तापलाय!"

पारसभाऊ हसले. "संजू, दोन वर्षं उभी गाडी शे रे भो. रातना उतरनी नही का अजून?"

"हात लावून बघा शेठ."

पारसभाऊ आले, एक बोट टेकवलं आणि झटक्यात काढून घेतलं. त्यांचं हसू गेलं. संजयने मगभर पाणी ओतलं. चर्र झालं आणि वाफ निघाली. जळक्या लायनरचा वास आला – भरलेली गाडी घाट उतरून आली की येतो, तोच. मी पुढे झालो आणि पूर्ण तळहात ठेवला. काढावासाच वाटेना. संजयने दंडाला धरून ओढलं तेव्हा सुटला. फोड आले होते.

दुपारी ड्रम गार झाल्यावर संजयने तो काढला. आत शूज गंजून चिकटलेले. आणि शूजच्या मधल्या जागेत कोळ्याचं जाळं... अख्खं. एक धागा जळलेला नव्हता.

कोणाच्या लक्षात आलं नसेल, पण ते डावं मागचं चाक होतं.

हात बरा झाल्यावर मी चोपड्याला गेलो, आणि तिथून रिक्षाने लोटनच्या गावाला. बसमध्ये बसून वाक्य पाठ केलं होतं. त्याची बायको, केसरअक्का, ओट्यावर बसली होती. केळीच्या मळ्यात मजुरीला जायची. चिकाने बोटं काळी पडली होती, धुऊन न जाणारी. नाव सांगितलं तर चटकन उठली.

"नाना मिस्तरी? सोनगीरना? बसा, बसा! तुमनं नाव कायम त्यासना तोंडमा ऱ्हाये."

चहा केला. माझं वाक्य सुरू होणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "नाना, एक इचारू? इतला वरीसमा इचाराले कोनी भेटनंच नही."

"विचारा ना अक्का."

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी सेंधव्याहून शेजाऱ्यांच्या घरी लोटनचा फोन आला होता. ती म्हणाली होती, उद्या आखाजी आहे, पोरी वाट बघतायत, मुक्काम करू नका, रातोरात निघा. तो म्हणाला होता, निघतो. आणि फोन ठेवताना म्हणाला होता – "एक चाक थंडच शे, पन नाना सांगतस म्हन्जे बरोबरच व्हई."

त्याला झोप लागली असं सगळे म्हणाले. सासूने तर तोंडावर ऐकवलं, तूच त्याला झोपू दिलं नाहीस. बावीस वर्षं ती हे ऐकत होती. दुसऱ्यांकडून, आणि मग कोणी म्हणेनासं झाल्यावर स्वतःकडून.

माझ्याकडे बघून तिने विचारलं, "नाना, चाक थंड ऱ्हास ते चांगलं का वाईट?"

तिला खरंच माहीत नव्हतं. ज्याच्या घरी गाडी नाही त्याला कसं माहीत असणार? एका शब्दात ती सुटली असती. वाईट, एवढंच म्हणायचं होतं.

"चांगलं," मी म्हणालो. "थंड चाक चांगलंच असतं, अक्का."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. "मंग झोपच लागनी व्हई त्यासले," ती म्हणाली. "मन्हामुळे."

निघताना तिने केळ्यांची फणी पिशवीत घातली. मी घेतली.

पुढचे आठ महिने मी रोज ठरवत होतो. पोळा झाल्यावर एकदाचा गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारची म्हणाली, "अक्का गई. पोळाना दुसरा दिन." तापाचं निमित्त झालं. मुली कुठे दिल्या आहेत, तिला नीट सांगता आलं नाही.

तो ड्रम कसा तापला हे दोन-चार मिस्तरींना नाव न घेता विचारून बघितलं, सगळे म्हणाले, होऊच शकत नाही. माझंही तेच म्हणणं आहे. पण डाव्या... नाही, उजव्या तळहातावर डाग आहे. तो खरा आहे.

त्या मुलींपैकी कोणी हे वाचत असेल, तर एवढं लक्षात ठेव बाई: तुझे वडील झोपले नव्हते. त्यांनी हात लावून ओळखलं होतं, मला विचारलंही होतं. आणि तुझ्या आईला मी ओट्यावर बसून जे सांगायला गेलो होतो आणि सांगितलं नाही, ते हे –

अक्का, थंड चाक वाईट असतं. ते मी थंड केलं होतं. जे झालं ते तुम्ही बोलावलं म्हणून नाही. मला माफ करा.