जुन्या पासपोर्टातले अकरा दिवस

बायको जाऊन दोन वर्षं होतील. मी सौदीत, अबकैकला, एका ठेकेदाराकडे पाइप फिटर आहे. दोन खोल्या, माणूस एक. मुलगी अमेरिकेत शिकते. तिचा फोन महिन्यातून एकदा. जेवलात का, औषध घेतलं का, खलास. मीच तोडलं होतं. आई मरायला टेकलेली असताना चार दिवस राहिलीस आणि परीक्षेला पळालीस, असं तिला तोंडावर बोललो होतो. गावच्या नातेवाइकांनाही तेच सांगितलं.

परवा शुक्रवारी नमाज पढून आलो, तव्यावर मासे टाकले, तर पोरीचा फोन.

"अब्बा, माझा जुना पासपोर्ट अम्माच्या पेटीत आहे, गेल्या वर्षी आले तेव्हा ठेवलेला. त्यातल्या तारखा पाहिजेत. टॅक्सचा फॉर्म भरायचाय."

"तुला पगार कुठे आहे टॅक्स भरायला?" इथे पगारावर टॅक्स नाही. असला कागद मी जन्मात बघितला नाही.

"पगार नसला तरी हा फॉर्म द्यावा लागतो. तीन वर्षांत किती दिवस अमेरिकेत होते ते लिहायचं. पहिली पाच वर्षं विद्यार्थ्याचे दिवस ते धरत नाहीत."

"धरत नाहीत तर विचारतात कशाला?"

"धरू नका हे सांगायलाच मोजून द्यायचे." ती हसली. किती महिन्यांनी हसली.

बायको गेल्यापासून पेटी मी उघडली नव्हती. वरच बायकोचा जांभळा दुपट्टा होता. तो उचलायला वेळ लागला. खाली पासपोर्ट. अरबी आकडे मला मराठीपेक्षा बरे वाचता येतात. आईच्या आजारपणात ती आल्याचा शिक्का, गेल्याचा शिक्का. बोटांवर मोजलं. परत मोजलं. अकरा दिवस.

मग आठवलं. ती आली तेव्हा मी रास तनुराच्या रिफायनरीत, तिथेच राहून, शटडाउनच्या म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीच्या कामावर होतो. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मागितली नाही. आजार आहे, बरा होईल, असं धरून बसलो. घरी पोचलो तेव्हा पोरीच्या जाण्याला चार दिवस उरले होते.

"अकरा," मी म्हटलं.

मी पासपोर्ट मिटला.

"चार दिवस मी होतो, बाय. तू अकरा होतीस. तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग मी बोलत होतो तेव्हा तोंड शिवलं होतं काय?"

"अम्मा म्हणाली होती, सुट्टी का घेतली नाही ते अब्बाला विचारू नकोस."

मी गॅस बंद केला. पेटीशेजारी खाली बसलो.

"मी नव्हतो ते दिवस सांग. पहिल्यापासून."

"आता? अब्बा, फॉर्म..."

"फॉर्म कुठे पळतो."

 ती सांगू लागली, "मी आले त्या दिवशी अम्मा तांदळाच्या भाकऱ्या करायला उठली. दोनच झाल्या. तिसरी मी थापली, वाकडी. ती म्हणाली, ही तुझ्या अब्बाला ठेव, त्याला काय कळतंय."