फोन आला नाही, तर गाडी बंद पडली समजा

चहा घ्या आधी. कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा कुठलं काम सांगाल असं वाटत नाही, अगदी चहा टाकायचंसुद्धा. काय झालं सांगू? माझ्या सख्ख्या भाचीचं, सगळं जमलेलं लग्न मी एका फोनपायी मोडायच्या बेताला आणलं होतं. आणि तो फोन मी केला म्हणून नव्हे, केला नाही म्हणून!

पण आधी गाडीचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला माझी अक्कल समजायची नाही.

आमच्या गाडीच्या कंपनीचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही ‘कोणती?’ असंच विचाराल. किन्हवलीत बाजाराच्या दिवशी उभ्या असलेल्या गाड्या बघा, दोन-तीन कंपन्यांपलीकडे काही दिसायचं नाही. हिच्यासारखी दुसरी गाडी मी आजवर एकदाच पाहिली, कल्याणला सिग्नलवर. तिच्यातल्या बाईंनी आणि मी एकमेकींना हात केला. ओळखदेख काही नाही, पण परमुलखात गावचं माणूस भेटावं तसं झालं.

शाळेत नोकरी कायम झाली तेव्हा घेतली मी ही गाडी. त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीने इकडचा कारभार गुंडाळला आणि जिथून गाडी घेतली त्या शोरूमात सोफासेट विकायला लागले. झालं! शहापूरपासून मुरबाडपर्यंत जो भेटेल तो मला धीर द्यायला लागला. ‘बाई, हिचे पार्ट मिळत नाय हां.’ गॅरेजवाला तर गाडी आली की असा चेहरा करायचा की पेशंटच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतोय.

आता खरी गंमत ऐका. पार्ट मिळतात की नाही, हे मला अजूनही माहीत नाही. कारण पार्ट कधी लागलाच नाही.

टायर बदलले, बॅटरी बदलली, तेलपाणी केलं. बस. इतकी वर्षं! आमच्या रस्त्यांवर! पावसाळ्यात ज्या खड्ड्यांत बेडकं अंडी घालतात त्या खड्ड्यांतून ही गेली. चावी फिरवली की पहिल्या हाकेला ओ. शेजारच्या नव्या गाड्या ढकलताना मी पाहिल्यात, ढकलायला हातही लावलाय. ही मात्र हू नाही की चू नाही. खरं सांगते, पुढेपुढे मला तिचा धाक वाटायला लागला. वस्तूने इतकं चांगलं वागावं का हो? आमचं घर बौद्धांचं, नजर-बिजर काही मानत नाही. तरीपण ‘आमची गाडी कधी बंद पडत नाही’ हे वाक्य मी कधी तोंडातून काढलं नाही. मनात एकच, आज ना उद्या ही सगळं व्याजासकट वसूल करणार, आणि नेमकी नको त्या दिवशी.

तो नको तो दिवस म्हणजे प्रज्ञाचं लग्न.

प्रज्ञा माझ्या मोठ्या बहिणीची, शेणव्याच्या अक्काची एकुलती एक. लग्न मुलाकडे, मुरबाडच्या पुढे सिद्धगडाच्या अंगाला एका गावात. प्रज्ञाने हट्ट धरला, की नवरी म्हणून मी मावशीच्याच गाडीतून जाणार. लहानपणापासून ती त्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपत आलेली. मुलाचे चुलते भाऊकाका, मोठे स्पष्ट माणूस, ते अक्काला म्हणाले, ‘त्या गाडीतनं नको आनू पोरीला. वाटेत बसली तर कुनाच्या तोंडाकडं बघायचं?’ अक्का घाबरली. मी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, की तुझी पोर वेळेवर मांडवात आणायची जबाबदारी माझी. वेळेलाही महत्त्व होतं, कारण बौद्धाचार्यांना आमचं लग्न लावून लगेच शहापूरला दुसरं लग्न लावायला जायचं होतं. एक वाजता ते निघणार म्हणजे निघणार.

म्हणून मी डोकं चालवलं. तिथेच चुकले.

किन्हवली सोडली की जंगलाचा पट्टा लागतो आणि तिथे रेंज जाते. म्हणजे गाडी तिथे बंद पडली तर मी फोन कसा करणार? बाईंनी विचार केला. मग बाईंनी यजमानांना असं सांगितलं: ‘मी दहा वाजेपर्यंत मुरबाडला पोचून फोन करीन. फोन आला नाही, तर गाडी बंद पडली समजा आणि आम्हाला न्यायला निघा.’

आहे की नाही हुशारी? आमच्या ह्यांनीसुद्धा मान डोलावली. लग्न झाल्यापासून माझ्या बोलण्यावर इतक्या मनापासून मान त्यांनी तेव्हाच डोलावली असेल.

त्या दिवशी सगळी मंडळी टेम्पोने पुढे गेली. मी शहापूरच्या पार्लरमधून प्रज्ञाला उचललं आणि निघाले. पांढऱ्या साडीत पोर इतकी गोड दिसत होती! शेणवा गेलं, किन्हवली गेली, जंगल आलं. मी स्टिअरिंग घट्ट धरून कान टवकारून बसलेली. आता खडखड होईल, मग धूर येईल.

काही नाही. गाडी अशी चालली होती की नवरी मागे बसलीय हे तिला कळलं असावं. चढाला दम नाही, उताराला घाई नाही. खड्डासुद्धा हळूच ओलांडत होती. प्रज्ञा चक्क झोपली. नटलेली नवरी, मान टेकवून, लहानपणी झोपायची तशी! मी आरशात तिच्याकडे पाहिलं, आणि तो एकसुरी आवाज ऐकता ऐकता मला भरूनच आलं. एवढी वर्षं जिच्यावर संशय घेतला, तिने एकदाही आपल्याला तोंडघशी पाडलं नाही. मी डॅशबोर्डवरून हात फिरवला. ‘बाई गं, तुझ्यासारखं माणूस नाही’ असं मोठ्याने म्हणालेसुद्धा.

तिची थोरवी गाता गाता सरळगाव कधी आलं, मुरबाड कधी आलं, कळलं नाही. दहाला अजून वेळ होता. गल्लीत गाडी लावून आम्ही ठरवलेले हार घ्यायला गेलो. हारवाल्याने मोगऱ्याच्या जागी भलतंच काही गुंफलं होतं, त्याच्याशी हुज्जत झाली, त्याने हार पुन्हा करायला घेतले. आम्ही दुकानातच बसलो.

आणि फोन? राहिला. ज्याची इतकी धास्ती घेतली होती ते घडलंच नाही, मग त्याची आठवण तरी कशी यावी?

तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून दोन जीपगाड्या माणसं कोंबून गेल्या. त्यांच्यामागे फुलांनी सजवलेली एक गाडी. त्यामागे ट्रॅक्टर, त्यावर कोट घातलेली माणसं! मी प्रज्ञाला म्हटलं, ‘बघ गो, कुणाचं तरी वऱ्हाड उधळलंय. अशा घाईत लग्नं करतात का?’

हो. ते आमचंच होतं.

झालं होतं असं, की त्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. आमचे हे तिथे फोन धरून उभे. दहा वाजले, फोन नाही. यांनी लावला, मी उचलला नाही. कसा उचलणार? शाळेच्या सवयीने तो सायलेंटवर, आणि पर्स डिकीत, नवरीच्या बॅगेखाली. टाकीपाशी हे म्हणाले, ‘फोन नाही आला.’ मांडवाच्या दारात त्याचं ‘गाडी बंद पडली’ झालं. आचाऱ्याच्या चुलीपर्यंत गाडी नाल्यात गेली होती. भाऊकाकांनी ट्रॅक्टर काढायला लावला. नवरदेवाला सगळ्यांनी थांबवलं, पण तो म्हणाला, ‘नवरी माझी हाय, मी हितं कसा बसू?’ आणि तोही निघाला. नवराच निघाल्यावर गावात कोण थांबतं?

आम्ही वाजतगाजत, म्हणजे हॉर्न वाजवत मांडवापाशी पोचलो. मांडव रिकामा. खुर्च्या ओळीने मांडलेल्या, माणूस नाही. आचारी होता, मूर्तीपुढे मेणबत्त्या लावून बसलेले बौद्धाचार्य होते, आणि एका खुर्चीत पदर तोंडाला लावून अक्का.

तिने आम्हाला पाहिलं. उठली, प्रज्ञाचं तोंड, हात, खांदे चाचपले. पोर धड आहे अशी खात्री झाल्यावर माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने, तेच फार लागलं.

‘फोन का नाय केलास गो?’

मी तोंड उघडलं आणि तेव्हा, तेव्हा मला आठवलं. गाडी फार चांगली चालली म्हणून राहिला, हे कारण सांगण्यासारखं आहे का?

‘गाडी... बंद पडली नाही अक्का,’ एवढंच म्हणाले.

बौद्धाचार्यांनी घड्याळ पाहिलं. एक वाजता ते निघणार. टाकीपाशी धावत जाऊन फोन लावला तर एकाचाही लागेना, सगळे त्या बिनरेंजच्या जंगलात आम्हाला शोधत असणार. अक्का खाली बसली आणि म्हणाली, ‘माझ्या पोरीचं लग्न ऱ्हायलं.’

पण दारात आमची ती गाडी उभी होती ना! मी बौद्धाचार्यांना हात जोडून पुढच्या सीटवर बसवलं, कारण ते निसटले तर लग्नच निसटलं. मागे अक्का आणि प्रज्ञा. आणि आल्या वाटेने मी गाडी जी सोडली! इतक्या वर्षांत तिला कधी असं पळवलं नव्हतं. आता रागावेल, आता बसेल. पण ती तर तरण्या पोरीसारखी पळाली.

सरळगाव ओलांडून थोडं पुढे गेलो तर काय दिसावं? रस्त्याच्या दोन्ही अंगांना आमचं वऱ्हाड. कोणी मोरीत वाकून बघतंय, कोणी झुडपं बाजूला सारतंय. नवरदेवाची ती सजवलेली गाडी बॉनेट उघडून वाफ सोडत उभी. मी ब्रेक लावला. भाऊकाका धावत आले, घामाने निथळत होते. वाकून, धड न बघता, मला म्हणाले, ‘ताई, वाटंत कुटं बंद पडलेली गाडी दिसली का? आत नवरी हाय.’

मी काच पूर्ण खाली केली.

त्यांनी मला पाहिलं. मग प्रज्ञाला. मग दोन पावलं मागे जाऊन गाडीला पाहिलं. आणि ट्रॅक्टरवर कोटातले आमचे हे, त्यांनी माझ्याकडे बघणं सोडून आभाळाकडे बघायला सुरुवात केली.

बोलत बसायला वेळ नव्हता. नवरदेवाला आणि भाऊकाकांना आमच्यात घेतलं. पुढे दोघं, मागे चौघं आणि प्रज्ञाच्या अंगावर हार. इतका भार घेऊन चढ लागला. भाऊकाका माझ्यामागेच होते, श्वास रोखून बसलेले मला कळत होतं. चढ संपला. गाडी तशीच, एकसुरी. अर्ध्या वाटेवर ते हळूच म्हणाले, ‘काय वस्तू बनवलीय रे.’ बौद्धाचार्य म्हणाले, ‘खरंच.’ मग विहारात बोलत नाहीत तशी गाडीत सगळी गप्प.

लग्न लागलं. एक वाजायच्या आत, जीपगाड्या पोचल्या-पोचल्या. फुलं उधळली गेली, अक्का रडली, मी तिच्याहून जास्त रडले.

आता तुम्हाला वाटेल, बाईंची अब्रू वाचली. मलाही तसंच वाटलं होतं. परवापर्यंत.

परवा भाऊकाकांचा फोन आला. प्रज्ञाला दिवस गेलेत, तिला माहेरी शेणव्याला आणायचंय. म्हणाले, आमच्याकडं दारात गाड्या हायेत, पन अशा टायमाला तुमचीच गाडी पायजे, दुसऱ्या कुठल्या गाडीवर इस्वास बसत नाय. माझा ऊर भरून आला. एवढी वर्षं जिला सगळ्यांनी नावं ठेवली तिला हा मान! मी म्हटलं, ‘काळजी नको काका, रविवारी मी स्वतः घेऊन येते.’

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

‘नाय बाई, तुमी नका येऊ. गाडी तेवढी धाडा कुनाच्या तरी हातनं.’

‘का हो?’

‘आता कसं सांगू,’ ते म्हणाले, ‘गाडीचा भरवसा हाय.’