‘र’ कोरलेली चासी

चांगदेवकाकांनी आयुष्यभर बस चालवली, पण त्यांच्या बसमध्ये कधी कुणी बसलं नाही. ते नुसती चासी आणायचे. विलायतेहून बोटीने ती मुंबई बंदरात उतरायची: चाकं, इंजिन, स्टिअरिंग आणि उघडा सांगाडा. आपल्याकडच्या खड्ड्यांसाठी साहेबाने स्प्रिंगचे पाटे जाड दिलेले, पण ड्रायव्हरला साधी सीट दिली नव्हती. काका लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला फडकं गुंडाळून ती घाटावरच्या कारखान्यात पोचवायचे. तिथे बॉडी चढली की गाडी दुसऱ्याच्या हातात जायची. पुढे चासी इथेच बनू लागल्या, काकांचं खोकं मात्र तेच राहिलं.

नव्या नवरीने, रतनकाकूने, एकदा हट्ट धरला होता, “मलापण न्या की.”

“बॉडी चढू दे, मग खिडकीत बसवतो,” काका म्हणाले. गाडी पुढे ओळखता यावी म्हणून त्यांनी त्या खेपेच्या विलायती सांगाड्याच्या डाव्या पट्टीवर छन्नीने ‘र’ कोरला. त्यानंतर कल्याण स्टँडवर उभ्या बसखाली ते किती वेळा वाकले असतील! लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं काहीतरी पडलंय. ती गाडी काही सापडली नाही. गेल्या वर्षी काकू गेल्या.

मूलबाळ नाही. कल्याणकडच्या मानपाड्याच्या खोलीत काका दिवसा दाराला कडी लावत नाहीत, कुणी आलंच तर म्हणून. मी समोरच राहतो, पण मीही रोज जात नाही. खोटं कशाला बोलू?

त्यांना मोबाइलवर तो फोटो दाखवायचा आगाऊपणा माझाच. घोडबंदर रोडच्या एका टॉवरखाली जुन्या बसमध्ये कॉफीचं दुकान निघालंय. काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. “बॉडी आमच्याच कारखान्यातली. अशी फक्त विलायती चासीवर चढवायचे. खाली ‘र’ असंल बघ.”

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते तयार. दोन तास ट्रॅफिकमध्ये गेले. त्यांना आता खाली वाकवत नाही, म्हणून बसपाशी पोचल्यावर मीच टॉर्च लावून जमिनीवर आडवा झालो. खाली सिमेंटचे ठोकळे होते. सांगाडाच नव्हता.

“काका, चासीच नाहीये.”

“चासी भंगारात गेली आजोबा,” दुकानातली मुलगी म्हणाली. “आम्ही फक्त बॉडी आणली, स्टिअरिंग शोभेला ठेवलंय.”

काकांनी बसच्या पत्र्यावरून हात फिरवला. मग कठड्याला धरून सावकाश आत चढले. मला फार वाईट वाटलं. काहीतरी करायचं म्हणून मी म्हटलं, “काका, स्टिअरिंगवर बसा ना. फोटो काढतो.”

“तिथं एकट्याचीच जागा असते,” ते म्हणाले आणि मागच्या दोघांच्या सीटवर, खिडकीची जागा सोडून कडेला बसले.

मी खिडकीकडे सरकायला गेलो. त्यांनी गुडघे हलवले नाहीत.

“तू पुढं बस,” ते म्हणाले. मी जाऊन स्टिअरिंगवर बसलो.