डफ तीनदा यावा लागतो

एक.

मी नऊ वर्षांचा आहे, अंगात ताप आहे, आणि स्वप्नात तलावापलीकडे डफ वाजतो आहे. सकाळी आजोबांना सांगतो. ते माझ्या कपाळावर हात ठेवतात. "एक झालं."

कॅनडाच्या बर्फाळ भागातल्या आम्हा इन्नू लोकांत डफ कुणी कुणाला शिकवत नाही. तो तीनदा स्वप्नात यावा लागतो. तोवर हात लावायचा नाही.

दोन.

(इथे काही नाही.)

तीन.

दुपारचे साडेतीन, बाहेर उजेड मावळतो आहे. रेडिओवर बातम्या वाचून आलोय, बूट न काढताच कोचावर पडलोय. डोळे मिटत नाहीत, उघडेही राहत नाहीत. परवा शनिवारी आजोबांच्या नावाने गावजेवण आहे. बहीण मानितेन सकाळीच म्हणाली, "डफ तूच वाजवायचास, शिमुन. दोन स्वप्नं झालीत तुझी. तिसरं पडलं की सांग. गावात आता दुसरं आहे कोण?"

मी पुन्हा स्टुडिओत आहे. माइकसमोर आजोबा बसलेत. अंगात हॉस्पिटलचा निळा गाऊन, पायात कातडी बूट. ते बूट बारा दिवसांपूर्वी मीच त्यांना शेवटचे घातले.

"हवामान सांग," ते म्हणतात.

"उद्या बर्फ."

"रोज तेच सांगतोस. कधी खरं निघतं का रे?"

मी हसतो. पायाखाली गालिचा नाही, नुकत्या अंथरलेल्या स्प्रूस झाडाच्या डहाळ्या आहेत. तंबू आहे. शेगडी तापली आहे. आम्हा दोघांच्या मधे, काठीला टांगलेला, डफ.

छाती भरून येते. "निमुशुम," मी म्हणतो; आजोबांना आम्ही अशीच हाक मारतो. "निमुशुम, तिसरं आलं."

ते डफाकडे बघत नाहीत. कॅरिबू हरणाचं हाड फोडतात, आतला मगज सुरीच्या टोकावर घेऊन पुढे करतात. मी हात लांबवतो. ते सुरी मागे घेतात.

"मोज. पहिलं?"

"ताप होता तेव्हा. तलावापलीकडे."

"दुसरं?"

तंबूचं कापड म्हणजे हॉस्पिटलचा पडदा. ते पलंगावर आहेत, नाकात नळी. "पुन्हा आला का रे?" ते विचारतात, तेव्हा विचारलं होतं तसंच. आणि मी, तेव्हासारखाच, म्हणतो, "आला."

तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी नर्सला सांगितलं, मानितेनला सांगितलं, झाडूवाल्यालाही सांगितलं. आज चेहरा तसाच आहे.

"कोण वाजवत होतं?"

"तुम्ही."

"मी? मी तर तुझ्यासमोर पडलो होतो, गाढवा."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोललो."

"वाटलं. फार बरं वाटलं." ते नळी काढून नीट गुंडाळतात. "मग तिकडे गेलो. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून बसलो, मागे नातू आहे, काळजी नको. आता त्यांना काय सांगू?"

हॉस्पिटलच्या फरशीला तडे जातात. ती तलावावरचं बर्फ आहे. डफ आजोबांच्या हातात आहे. कातड्यावर ताणलेल्या दोरीत हाडाचे बारीक तुकडे बांधलेले असतात, डफ वाजला की ते झणझणतात. त्यातला एक ते ओढून काढतात, माझ्या तळहातावर ठेवतात आणि मूठ मिटवतात.

"हे दुसरं."

"आणि तिसरं?"

"वाट बघ."

"नाहीच आलं तर?"

"तर नाही आलं."

ते चालू लागतात. पायांचा आवाज होत नाही.

खोलीत अंधार. चार वाजलेत. माझी उजवी मूठ मिटलेली आहे. डाव्या हाताने मानितेनला फोन लावतो. डफ तिच्या घरी, भिंतीवर, पिशवीत आहे.

"पिशवीतून काढ. दोरीवरची हाडं बघ."

"आत्ता? बटाटे चुलीवर आहेत माझे."

"बघ ना."

बराच वेळ फक्त बटाट्यांचं खदखदणं ऐकू येतं.

"एक नाहीये रे," ती म्हणते. "गाठ आहे, घट्ट आहे. हाड नाही." मग हळूच, "शिमुन, तिसरं पडलं का?"

मी मूठ उघडतो.

"डफ परत भिंतीवर टांग," मी म्हणतो. "शनिवारी वाजणार नाही. मला सगळ्यांसमोर एक गोष्ट कबूल करायची आहे."

वर 'तीन' लिहिलंय ते खोडतो आहे. तिथे दोन वाचा.