झोपेआधीची तीन मिनिटं

शस्त्रक्रियेआधी वर्लिन हॉगस्टॅडने श्वासासाठी घशात घातलेल्या नळीने घसा दुखत नाही, हे मिनेसोटातल्या त्या गावात सर्वांना ठाऊक होतं. तिथल्या वीस खाटांच्या इस्पितळात तो तीस वर्षं भूल देत होता. लिलाव पुकारणारा मर्ल स्टेन्सरुड तर भर बाजारात सांगे, "पोट फाडलं माझं, पण आठवड्याने गायी विकल्या. आवाजाला ओरखडा नाही."

यामागे वर्लिनची औषधांची जोडणी होती. आधी थोडं वेदनाशामक. मग स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा दहावा हिस्सा. तीन मिनिटं थांबायचं. मग झोपेचं औषध, आणि लगेच उरलेले नऊ हिस्से. पहिल्या हिश्श्याने स्नायू अर्धे तयार झालेले असत, त्यामुळे रुग्ण न ठसकता नळी आत जाई. एका परिषदेत शिकलेली ही युक्ती वर्लिन आताशा सरसकट सगळ्यांना वापरी.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या स्वयंपाकघरातली आर्डिस टॉलेफसन पित्ताशयासाठी आली होती. अंगाने चिमणी, तोंडाने चक्की. टेबलावरही ती जावेच्या करपलेल्या पावाची गोष्ट सांगत होती, आणि दहावा हिस्सा गेल्यावर मध्येच थांबली.

"आर्डिस गप्प?" लव्हॉन नर्स म्हणाली. "वर्लिन, याची एक बाटली माझ्या नवऱ्यासाठी बांधून दे बाबा."

सगळे हसले. वर्लिनही हसला. कागदावर त्याने लिहिलं: रुग्ण शांत. नळी सहज.

आता ती हर्नियासाठी आली होती. शस्त्रक्रियेच्या आदल्या दुपारी वर्लिनने नेहमीचा प्रश्न विचारला, "मागच्या वेळी काही त्रास?"

"त्रास नाही रे." ती चादरीची घडी घालत राहिली. "फक्त ते आधीचं औषध या वेळी नाही दिलंस तर चालेल का? पापण्या उचलेनात. गिळता येईना, श्वास पुरेना. तुला हाक मारत होते, पण जीभच हलेना. लव्हॉनच्या नवऱ्याचं ऐकलं मी. सगळ्यांना असंच होतं ना?"

वर्लिनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "घाबरल्यावर होतं कधीकधी असं," तो म्हणाला.

"तेच. मी भित्रीच," आर्डिस म्हणाली.

त्याने जुना कागद काढला. वजन बेचाळीस किलो. दहावा हिस्सा मात्र धिप्पाड मर्लला दिला तेवढाच. खाली त्याच्याच वळणदार अक्षरात 'रुग्ण शांत'. ती शांत नव्हती. तिला हाक मारता येत नव्हती. आणि आज ते सांगायला ती आली, तर त्याने दोष उचलून तिच्याच पदरात टाकला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने दहावा हिस्सा वगळला. आर्डिस झोप लागेपर्यंत बोलत होती. नळी जाताना ती दोनदा ठसकली.

"म्हातारा झालास गड्या," मास्कआडून सर्जन म्हणाला.

वर्लिनने नळी चिकटपट्टीने पक्की केली. संध्याकाळी तो तिच्या खाटेशी गेला.

"घसा दुखतोय?"

"खरवडल्यासारखा."

"आर्डिस, मागच्या वेळी तू घाबरली नव्हतीस. ते माझ्या औषधाने झालं. तुझ्या मानाने जास्त दिलं, आणि तू गप्प झालीस ते मला बरं वाटलं. काल मी खोटं बोललो."

तिने मान त्याच्याकडे वळवली. "दोन वर्षं मी हे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. हसतील म्हणून. तू हसलास तेही ऐकलं होतं मी."

"हो."

"मग लिही तसं. त्या कागदावर."

त्याने तिच्यासमोरच लिहिलं. ती समाधान झाल्यासारखी दिसली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली.

शनिवारी किराणा दुकानात मर्ल भेटला. "या, बिनठसक्याचे मास्तर!" त्याने पाठीवर थाप मारली.

वर्लिनने हातातली टोपली खाली ठेवली. "मर्ल, झोप लागण्याआधीचं तुला काही आठवतं का?"

मर्लचा हात पाठीवरून हळूच खाली आला. त्याने आजूबाजूला कोणी आहे का ते पाहिलं.

"तू का विचारतोस?" तो हलक्या आवाजात म्हणाला.